मांजर-तक्ता : वाड्यातल्या पाच मांजरांसाठी (प्रकल्प नोंदी)

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज वही घातली. काम असे : एकाच पानाचा तक्ता करायचा. मांजराला काही लागले तर आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचे, उद्या सकाळी न्यायचे, की घरीच ठेवून लक्ष द्यायचे, हे त्यावरून घरात असेल त्याला ठरवता आले पाहिजे. म्हणजे सासूबाईंनाही आणि नववीतल्या मुलालाही. मी दिवसभर खत-बियाण्यांच्या दुकानात रोजमेळ लिहीत असते, माझा फोन लागेलच असे नाही.

वाड्यात तीन बिऱ्हाडे आणि पाच मांजरे. आमचा हळद्या, तीन वर्षांचा पिवळा बोका. परसातल्या आंब्यावर येणाऱ्या हळद्या पक्ष्यासारखा रंग, म्हणून ते नाव. समोरच्या काकूंची मनी आणि तिची लेक टिकली. माडीवरच्या आजोबांचे सोन्या आणि भोप्या.

आम्ही वाईत. गावातला सरकारी दवाखाना मुख्यतः गाई-म्हशींचा. मांजरांसाठी आम्ही जातो तो दवाखाना साताऱ्याला, पस्तीसेक किलोमीटर. उलट्या दिशेला शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना घाट. कुठेही जा, अर्धा दिवस मोडतो. त्यामुळे ‘उद्या बघू’ हे आमच्या वाड्यात फार पटकन तोंडात येते.

पहिला कच्चा तक्ता जखमेच्या आकारावर केला. नखाएवढी असेल तर घरी. बोटभर असेल तर उद्या. त्याहून मोठी किंवा रक्त थांबत नसेल तर लगेच.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. दिवसभर गच्चीवर पतंग. संध्याकाळी टिकलीच्या मागच्या पायाला मांजा गुंडाळलेला सापडला. कातडी कापली नव्हती, केस तेवढे गेले. काकूंनी कात्रीने दोरा कापून काढला. राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी आमच्या परसात आज तोच पडलेला होता. मुलाने सगळे तुकडे पिशवीत गोळा केले.

तक्त्यात घालायचे : दोरा मांजराच्या तोंडातून किंवा शेपटीखालून बाहेर लोंबत असेल तर ओढायचा नाही. दुसरे टोक जिभेखाली किंवा पोटात अडकलेले असते, ओढले की आतडे सुतळी ओवलेल्या पिशवीच्या तोंडासारखे गोळा होते आणि चिरते. तसेच सोडून लगेच डॉक्टर. जखमेच्या आकाराच्या तक्त्यात ही गोष्ट बसत नाही, कारण बाहेर जखमच नसते. त्याच्यासाठी खाली वेगळी ओळ टाकली.

१६ जानेवारी, गुरुवार

आकडे घ्यायला सुरुवात. दुकानात शिकलेली एक गोष्ट अशी की आरंभीची शिल्लक लिहिलेली नसेल तर आज माल कमी आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. मांजर धडधाकट असतानाचे त्याचे आकडे लिहिलेले नसतील तर आजारपणातल्या आकड्याचा उपयोग निम्माच.

श्वास : मांजर गाढ झोपले की छाती वर-खाली होते ती एक मोजायची. ३० सेकंद मोजून दुप्पट. घुरघुरत असेल तेव्हा मोजू नये, चुकते. निरोगी मांजराचे झोपेतले श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३०. हळद्याचे तीन वेळा मोजले : २२, २४, २२.

वजन : काट्यावर त्याला घेऊन उभी राहिले, मग माझे वजा. ४.३ किलो.

हिरड्या : गुलाबी. बोटाने दाबल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी. हळद्याच्या खालच्या हिरडीवर आणि नाकावर काळे ठिपके आहेत. पिवळ्या मांजरांना वयाबरोबर असे ठिपके येतात, त्यात आजार नाही. हेही लिहून ठेवले, नाहीतर ऐन घाईत कुणीतरी ते बघून घाबरेल.

लघवी : इथे अडले. आमची मांजरे परसात जातात, कोण कधी गेले कुणाला कळणार? उपाय : जखमी मांजर आत ठेवायचे आणि घमेल्यात कोरडी वाळू द्यायची. वाळूचा ओला गोळा झाला की नोंद. बोक्यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते.

१९ जानेवारी, रविवार

आज ‘काय देऊ नये’ हा भाग लिहायचा होता. सकाळपासून टाळत होते.

मागच्या जूनमध्ये शेवंती गेली. तिरंगी मांजरी, सहा वर्षांची. पावसात कुठूनतरी लंगडत आली. जखम दिसत नव्हती, पाय टेकत नव्हती. डॉक्टरकडे न्यायचे का यावर घरात तासभर बोलणे झाले. बाहेर मुसळधार पाऊस, रात्रीचे नऊ. मी म्हटले, दुखणे तरी थांबू दे, सकाळी नेऊ. पॅरासिटॅमॉलची अर्धी गोळी चुरून दुधातून दिली. लहान मुलांना देतो तेवढीच, म्हणून.

पहाटे तिचे तोंड आणि पंजे सुजले होते. हिरड्या तपकिरी झाल्या होत्या, भिजवलेल्या चहाच्या पावडरीसारख्या. साताऱ्याला पोहोचेपर्यंत ती तोंड उघडून श्वास घेत होती. वाचली नाही. पाय मोडलेला नव्हता, नुसता मुरगळलेला होता.

डॉक्टरांनी तेव्हा समजावून सांगितले ते जसेच्या तसे तक्त्यात हवे. माणसाचे यकृत हे औषध ज्या रीतीने निकामी करून बाहेर टाकते, ती रीत मांजराच्या यकृतात फार दुबळी आहे. औषधातून तयार होणारे विष रक्तात साचते, आणि रक्त तपकिरी पडून प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मांजराला एक गोळीही जीवघेणी ठरते. यावर अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, पण तो काही तासांत मिळावा लागतो. म्हणजे गोळी दिली गेली असेल तर मांजर बरे दिसत असतानाच निघायचे.

त्याच ओळीत : आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, घरातली कुठलीही वेदनाशामक गोळी नाही. डेटॉलसारखे पाण्यात पांढरे होणारे जंतुनाशक नाही, फिनेल नाही. मांजर अंग चाटते, म्हणजे अंगाला लावलेले सगळे पोटात जाते. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडल्या की आमच्याकडे टर्पेंटाइन किंवा डांबराच्या गोळ्यांची पूड घालतात. मांजराला ही दोन्ही विषेच. अळ्या दिसल्या की डॉक्टर, त्याच दिवशी.

हळदीबद्दल सासूबाईंशी बोलले. हळद विष नाही, पण जखमेवर लेप थापला की खाली काय चालले आहे ते दिसत नाही, आणि बाहेरची खपली घट्ट धरते. त्या म्हणाल्या, “मग धुवायचे कशाने ते लिही. नुसते नको-नको लिहू नकोस.” बरोबर आहे. लिहिले : अर्धा लिटर पाणी उकळून गार करायचे, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ. तेवढेच.

शेवंतीचे नाव तक्त्यावर घालायचे नाही. ती ओळ मात्र सगळ्यात वर, लाल शाईने.

२२ जानेवारी, बुधवार

पुण्याहून धाकट्या बहिणीचा दुपारी फोन. तिचा बोका तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडला. “ताई, तो उठून चालतोय गं, जिना चढून स्वतः वर आला. नाकातून थोडे रक्त आले होते, थांबलेय. नेऊ का उगीच?”

माझा कच्चा तक्ता काढून बघितला. जखम नाही, रक्त थांबलेले, म्हणजे तक्त्याप्रमाणे घरी. मला ते पटेना. मी तिला म्हटले, “आत्ताच्या आत्ता रिक्षा कर.”

रात्री तिचा परत फोन. टाळूला मधोमध चीर गेली आहे, आणि एक्स-रेमध्ये फुप्फुसाभोवती थोडी हवा साठलेली दिसली. रात्रभर तिकडेच ठेवून घेतले आहे.

उंचावरून पडलेल्या मांजरांवर न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. दवाखान्यात आलेल्या १३२ मांजरांपैकी ९० टक्के वाचली. लोक हा आकडा ‘मांजराला काही होत नाही’ म्हणून सांगतात. पण ती सगळी दवाखान्यात आणलेली मांजरे होती, आणि त्यांतल्या पुष्कळांना उपचार लागले. जबडा व टाळू, छाती, पाय, या तीन ठिकाणी मार लागतो. छातीतला मार सुरुवातीला दिसतही नाही, काही तासांनी धाप लागते.

कच्चा तक्ता फाडला. आकाराचा रकानाच काढून टाकते. पहिला प्रश्न ‘किती लागले’ नव्हे, ‘कशाने लागले’. उंचावरून पडणे, गाडीची धडक, कुत्र्याने धरून झटकणे : बाहेरून काही दिसो न दिसो, त्याच दिवशी डॉक्टर.

२३ जानेवारी

बहिणीच्या बोक्याने आज सकाळी थोडे पातळ खाल्ले म्हणे. गॅलरीला जाळी लावायला माणूस बोलावला आहे.

२५ जानेवारी, शनिवार

मांजराचे दुखणे ओळखायचे कसे, यावर आज बराच वेळ गेला. मांजर कण्हत नाही. आडोशाला जाऊन बसते, आणि आपण म्हणतो, शांत झोपले आहे. कधी कधी दुखत असतानाही घुरघुरते, म्हणून त्या आवाजावर विसंबता येत नाही.

मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी यासाठी चेहऱ्यावरून गुण द्यायची पद्धत काढली, २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. तिला फेलाइन ग्रिमेस स्केल म्हणतात. पाच गोष्टी बघायच्या : कान, डोळे, थोबाड, मिशा, मान. प्रत्येकीला ० ते २ गुण. कान पुढे उभे असतील तर ०, बाजूला चपटे वळलेले असतील तर २. डोळे उघडे ०, आवळून बारीक केलेले २. थोबाड सैल गोल ०, ताणून लंबुळके २. मिशा सैल खाली वळलेल्या ०, ताठ पुढे आलेल्या २. डोके खांद्याच्या वर ०, खांद्याच्या खाली २. दहापैकी चार किंवा त्याहून जास्त गुण झाले तर मांजराला वेदनेवर औषधाची गरज आहे असे धरतात.

मुलगा यात रमला. पाचही मांजरांचे फोटो काढले. झोपलेल्या किंवा खात असलेल्या मांजराला गुण द्यायचे नाहीत, जागे आणि निवांत हवे, हे त्याला दोनदा सांगावे लागले. हळद्या १. भोप्याला त्याने ३ दिले. मग आजोबा म्हणाले, त्याचा एक कान लहानपणीच्या गळवाने मुडपलेला आहे. म्हणजे भोप्याची आरंभीची शिल्लकच २. लिहून ठेवले.

२९ जानेवारी, बुधवार

रात्री दीडच्या सुमाराला न्हाणीघराच्या पत्र्यावर भांडण. बाहेरचा करडा बोका. बॅटरी घेऊन गेले तोवर दोघे पांगलेले. हळद्या पहाटे आला.

कशाने : दुसऱ्या मांजराने. पुढच्या डाव्या पायावर, कोपराच्या खाली, वाळलेले रक्त आणि केसांचा झुपका. धुतल्यावर दोन बारीक टोचे दिसले, सुळ्यांचे असावेत. श्वास २४. हिरड्या गुलाबी. चेहरा १. सुकट पूर्ण खाल्ली. लंगडत नाही.

तक्ता अजून अर्धवट. ‘चावा’ अशी ओळ त्यात नाही. घरीच ठेवायचे ठरवले, बाहेर सोडायचे नाही, घमेले मोरीजवळ.

३० जानेवारी, गुरुवार

टोचे शोधूनही सापडत नाहीत, बंद झाले. सासूबाई म्हणाल्या, “बघ, चाटून बरे केलेन्.” मलाही बरे वाटले. श्वास २४. सुकट अर्धी टाकली. घमेल्यात दोन गोळे.

३१ जानेवारी, शुक्रवार

श्वास ३०. कोठीच्या मागे जाऊन बसला आहे. रोज खिडकीत उडी मारतो, आज मारली नाही. पाय टेकतो, पण जपून. घमेल्यात एक गोळा. चेहरा ३, मुलाच्या मते २. सकाळी दूध-भात चाटला, रात्री काहीच नाही. जखम दिसतच नाही, त्यामुळे कशाला न्यायचे हे सांगता येईना. उद्या पहाटे परत बघायचे ठरवले.

१ फेब्रुवारी, शनिवार

पहाटे साडेपाच. श्वास ३६. चेहरा ५, या वेळी मुलाने आणि मी वेगवेगळे गुण दिले आणि दोघांचेही पाचच आले. पाय कोपरापासून मनगटापर्यंत फुगलेला, गरम. हात लावू देत नाही. सुकटीचा वास घेऊन तोंड फिरवले.

ताप घेतला. मी टॉवेलात धरले, मुलाने डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून शेपटीखाली, अगदी थोडा आत. १०४.१ फॅरनहाइट. मांजराचा नेहमीचा साधारण १००.५ ते १०२.५. थर्मामीटरवर ‘मांजर’ असे चिकटपट्टीवर लिहून वेगळा ठेवला.

आज शनिवार. उद्या दवाखाना बंद. आत्ता ‘उद्या’ म्हटले तर त्याचा अर्थ सोमवार होतो. आकड्यांवरून निघायचेच होते, पण ही गोष्टही तक्त्यात हवी : दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तर ‘उद्या’ची ओळ ‘आज’ म्हणून वाचायची.

नेण्यासाठी भाजीचा प्लॅस्टिकचा क्रेट, वर दुसरा पालथा, सुतळीने चारी कोपरे बांधले. आत घालताना त्याने माझ्या मनगटावर पंजा मारला. ओरखडा, रक्त नाही. आधी साबण आणि वाहते पाणी, घड्याळ लावून १५ मिनिटे. सासूबाई म्हणत होत्या, आपलाच बोका आहे. पण आपल्या बोक्याला चावलेला बोका कुणाचा, हे कुणाला माहीत नाही.

साताऱ्यात डॉक्टर बाईंनी पायावरचे केस काढले. खाली निळसर फुगवटा, वर सेंटिमीटरभर अंतरावर दोन टिंबे. चीर दिली आणि पू आला, वाटीभर नसेल, पण वास खोलीभर पसरला. मिठाच्या पाण्याने आतून धुतले. जखम शिवली नाही, वाहती ठेवली. प्रतिजैविकाचे इंजेक्शन, मांजराला चालणारे वेदनेचे औषध त्याच्या वजनावर मोजून, रेबीजच्या लशीचा बूस्टर, गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर. ९५० रुपये झाले. गाडी शेजारच्या दादांनी दिली, डिझेलचे घेतले नाहीत.

मी वही उघडून आठवड्याचे आकडे दाखवले. त्यांनी ३० तारखेच्या ओळीवर बोट ठेवले. “इथे तुम्ही ‘टोचे बंद झाले’ असे लिहिलेय. तिथेच यायला हवे होते.” मांजराचा सुळा सुईसारखा असतो, तोंडातले जंतू थेट खोल नेऊन ठेवतो. पाश्चुरेला नावाचे जंतू त्यात फार आढळतात. वरची कातडी एक-दोन दिवसांत मिटते आणि जंतू आत कोंडले जातात. दोन ते पाच दिवसांत गळू. चावल्यापासून पहिल्या २४ तासांत औषध सुरू झाले असते तर बहुधा चीर द्यावी लागली नसती.

मला बरे वाटायला लावणारी गोष्टच वाईट होती. हे मी तीन वेळा वाचले आणि मग लिहिले.

संध्याकाळी गावातल्या सरकारी रुग्णालयात गेले. रक्त न आलेला ओरखडा हा दुसऱ्या वर्गात धरतात, लस लागते. रक्त आले असते तर तिसरा वर्ग, मग लशीबरोबर जखमेत प्रतिपिंडाचे इंजेक्शनही. माझे डोस आज, ४, ८ फेब्रुवारी आणि १ मार्च, दोन्ही दंडांत कातडीत.

२ फेब्रुवारी

श्वास २६. ताप १०२.४. सुकट खाल्ली. थोडी, पण स्वतःहून.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरा डोस घेतला. हळद्याला दिवसातून दोनदा कोमट पाण्याच्या बोळ्याने शेक, पाच-पाच मिनिटे, चीर लवकर मिटू नये म्हणून. काकू धरतात, मी शेकते. कॉलर घालून त्याला ताटलीतले खाता येईना, म्हणून उंच पाट ठेवून त्यावर वाटी. चेहरा २.

७ फेब्रुवारी

श्वास २२. खिडकीत उडी मारली. वजन ४.१.

९ फेब्रुवारी, रविवार

दुसरा तक्ता. दिवसभर बसून केला. आकार कुठेच नाही. क्रम असा ठेवला आहे.

सगळ्यात वर लाल ओळ : घरातली कुठलीही गोळी नाही.

आत्ताच्या आत्ता : तोंड उघडून श्वास किंवा झोपेत मिनिटाला ४० च्या वर. हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा तपकिरी. स्वच्छ फडक्याने पाच मिनिटे दाबून धरूनही (मधे उचलून न बघता) रक्त थांबत नाही. मागचे पाय ओढत चालते. दिवसभरात लघवीचा गोळा नाही, किंवा घमेल्यात पुन्हा पुन्हा बसून काहीच होत नाही. तोंडातून वा शेपटीखालून दोरा. माणसाची गोळी पोटात गेली आहे. उंचावरून पडले, गाडीने उडवले, कुत्र्याने धरले.

आज, आणि रात्र असेल तर सकाळी पहिल्यांदा : चावा किंवा चाव्याची शंका, जखम मिटली असली तरी, *मिटली असेल तर जास्तच*. डोळ्याला काहीही. अळ्या. पाय टेकत नाही. ताप १०३ च्या वर. चेहरा चार किंवा जास्त. २४ तास खाल्ले नाही. उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठत जाते, लठ्ठ मांजराच्या बाबतीत तर दोन-तीन दिवसांतच. आजोबांचा सोन्या साडेसहा किलोचा आहे, त्याच्या नावापुढे खूण केली.

घरी लक्ष : वरवरचा ओरखडा, मोडलेली नखी, लंगडणे थोडे आणि दिवसागणिक कमी होणारे. पण रोज दोनदा आकडे लिहायचे. श्वास, खाणे, गोळे, चेहरा. दोन आकडे एकदम बिघडले तर वरच्या ओळीत जायचे.

पाठीमागे प्रत्येक मांजराची आरंभीची शिल्लक. आणि माणसाला ओरखडले-चावले तर काय, ते वेगळ्या चौकटीत.

शिरवळच्या महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागाची वेळ फोन करून विचारली, तीही लिहिली. साताऱ्याचा फोन नंबर दोनदा, एक आजोबांना दिसेल अशा मोठ्या अक्षरात.

१६ फेब्रुवारी, रविवार

तक्त्याची परीक्षा. चिठ्ठ्यांवर सात प्रसंग लिहिले आणि सासूबाई, काकू, आजोबा, मुलगा, चौघांना वेगवेगळे बसवून तक्ता हातात दिला.

सहा प्रसंगांत चौघेही बरोबर. सातवा असा : ‘पुढचा पाय लोंबतो आहे, पण मांजर जेवते आहे आणि घुरघुरते आहे.’ मुलगा आणि काकू दोघेही म्हणाले, घरी. जेवते म्हणजे ठीक, असे त्यांनी धरले. ‘पाय टेकत नाही’ ही ओळ त्यांनी वाचलीच नव्हती, कारण त्यांची नजर आधी खाण्याच्या रकान्यावर गेली. क्रम बदलला. बिघडलेली एक खूण दहा चांगल्या खुणांवर भारी, असे वर लिहिले.

सासूबाईंनी चाव्याचा प्रसंग वाचला आणि विचारले, “म्हणजे त्या दिवशी मी ‘बरे केलेन्’ म्हटले ते चुकलेच.” मी म्हटले, “आई, मीही तेच लिहिले होते. वहीत आहे.”

२० फेब्रुवारी

हळद्याची कॉलर निघाली. केस उगवू लागले. वजन ४.३. डॉक्टर बाई म्हणाल्या, आता खच्चीकरण करून घ्या, भांडणे पुष्कळ कमी होतील. १० मार्चची वेळ घेतली. चाव्यातून मांजरांमध्ये प्रतिकारशक्ती कमी करणारा एक विषाणू पसरतो (माणसांना नाही), त्याची तपासणी चावल्यावर दोनेक महिन्यांनी. ३० मार्चला गुढीपाडवा, रविवार. ३१ ला नेऊ.

१ मार्च, शनिवार

माझा शेवटचा डोस झाला. येताना तक्त्याच्या तीन रंगीत प्रती काढून लॅमिनेट करून आणल्या, तीन बिऱ्हाडांसाठी. आमची स्वयंपाकघराच्या दाराआड लावली.

रात्री साडेनऊला काकूंनी दार वाजवले. मनीला पाठीवर ओरखडा आहे. त्यांनी तक्ता हातातच आणला होता आणि कागदावर लिहिले होते : श्वास २४, जेवली, गोळा १, चेहरा १. टोचा नाही, केस बाजूला करून बॅटरीने बघितले. घरी लक्ष.

२ मार्च

मनी : श्वास २२, जेवली, गोळे २, चेहरा ०.